पीतज्वराची साथ व सहा पोरकी भावंडे

(कौटुंबिक अभ्यासाकरिता पाठ)

साथीचा रोग गावात शिरला म्हणजे तो केवळ शरीरावरच घाला घालितो असे नाही. तो घराच्या भिंतींतून शिरून नात्यागोत्याचीही परीक्षा पाहतो. बाप परगावी, आई अंथरुणावर, मुले शेजाऱ्यांच्या दारी, अशी दशा एका आठवड्यात होऊन जाते. साथ ओसरल्यावर मेलेल्यांस मूठमाती देऊन झालेली असते. परंतु जिवंत राहिलेल्यांचे काय करावे हा प्रश्न तसाच उभा असतो. आजच्या पाठात आम्ही वाचकांपुढे अशाच एका घराण्याची हकिकत मांडणार आहो. ती अमेरिकेतील मिसिसिपी प्रांतातील, इ. स. १८७८ सालची आहे. देश दूरचा व रोगही आपल्याकडे न आढळणारा. तथापि तिच्यातील प्रश्न आपल्या प्रत्येक गावचा आहे, असे वाचकांस दिसून येईल.

१. साथ कशी आली

पीतज्वर, ज्यास लोक पिवळा ताप म्हणत, हा मूळ आफ्रिका खंडातील रोग. गुलामांनी भरलेल्या गलबतांबरोबर तो अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत गेला. माणसांचा विक्रय करणाऱ्यांनी आपल्या मालाबरोबर हा रोगही नेला, व पुढे दोनशेहून अधिक वर्षे त्या किनाऱ्यावरील शहरांनी त्याचे फळ भोगिले. रोग्यास प्रथम हुडहुडी भरून ताप येई, डोके व कंबर अतिशय दुखे. काहींचा ताप तीनचार दिवसांत उतरे. परंतु काहींचा पुन्हा उसळे. मग डोळे व कातडी पिवळी पडे, काळी ओकारी होई, आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत प्राण जाई.

सन १८७८ च्या उन्हाळ्यात ही साथ न्यू ऑर्लिन्स बंदरातून मिसिसिपी नदीच्या वाटेने व आगगाडीच्या रस्त्याने उत्तरेकडे चढली. त्या वर्षी त्या खोऱ्यात सुमारे १,२०,००० लोक आजारी पडले व १३,००० ते २०,००० मरण पावले, असा अंदाज आहे. मेम्फिस शहरातून निम्म्याहून अधिक लोक पळून गेले. जे राहिले त्यांपैकी ५,००० हून अधिक मेले. ते शहर इतके खचले की पुढील वर्षी त्याची नगरसनदही गेली.

मेम्फिसच्या आग्नेयेस होली स्प्रिंग्स नावाचे सुमारे साडेतीन हजार वस्तीचे गाव आहे. ते उंचावर असल्यामुळे तेथे हा ताप यावयाचा नाही, असा तेथील लोकांचा भरवसा होता. शेजारची गावे बंदुका घेऊन आपल्या वेशी राखीत असता होली स्प्रिंग्सने ग्रेनाडा गावाहून पळून आलेल्या लोकांस आश्रय दिला. ही दया खरी होती. परंतु रोग कोणत्या वाटेने येतो याचे ज्ञान त्या काळी कोणासच नव्हते. थोड्याच दिवसांत गावात ताप पसरला. न्यायकचेरीचे रुग्णालय करावे लागले, आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली.

२. वेल्स यांचे घर

या गावात जेम्स वेल्स नावाचा एक कृष्णवर्णीय सुतार राहत असे. तो व त्याची पत्नी एलिझाबेथ ही दोघेही गुलामगिरीत जन्मली होती. त्यांची थोरली मुलगी आयडा १६ जुलै १८६२ रोजी जन्मली, तेव्हा तीही कायद्याने गुलामच होती. सन १८६५ त युद्ध संपून गुलामगिरी मोडली, तेव्हा हे कुटुंब मोकळे झाले. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी सन १८७३ त ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांस मुक्त केले त्यांस अर्पण केले, हे वाचकांस ठाऊक असेलच. ती मुक्ती ज्यांच्या पदरी पडली, त्या लाखो घरांपैकी हे एक होते.

एलिझाबेथ हिच्या पूर्वायुष्यातील एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ती व्हर्जिनिया प्रांतातील दहा भावंडांपैकी एक. लहानपणीच तिला व तिच्या बहिणींना आईबापांपासून तोडून विकण्यात आले होते. स्वतंत्र झाल्यावर तिने आपल्या माणसांचा ठावठिकाणा लागावा म्हणून पुन्हा पुन्हा पत्रे लिहिली. परंतु त्यांचा शोध कधीच लागला नाही. बाजारात विकलेले कुटुंब पुन्हा जुळत नाही, हे तिच्या मुलांनी आईच्या तोंडून ऐकिले होते.

जेम्स हा मानी व कष्टाळू मनुष्य होता. स्वातंत्र्यानंतरही तो आपल्या पूर्वीच्या मालकाच्याच कारखान्यात मजुरीने काम करी. निवडणूक आली तेव्हा मालकाने सांगितलेल्या पक्षास मत देण्याचे त्याने नाकारिले. परत येऊन पाहतो तो कारखान्यास कुलूप. त्याने भांडण केले नाही. बाजारात जाऊन नवी हत्यारे विकत घेतली, समोरच दुसरे घर भाड्याने घेतले, आणि स्वतःचा धंदा मांडिला. मेथडिस्ट मिशनाने सन १८६६ त स्थापिलेल्या तेथील विद्यालयाचा तो एक विश्वस्त होता. हेच विद्यालय पुढे रस्ट कॉलेज या नावाने प्रसिद्ध झाले. एलिझाबेथ मुलांबरोबर स्वतः शाळेत जाऊन बसे, ती एवढ्याकरिता की आपणांस पवित्र शास्त्र वाचता यावे. शब्बाथशाळेत न चुकता हजर राहिल्याबद्दल तिला बक्षीसही मिळाले होते. आठ मुलांपैकी एक पूर्वीच वारले होते. सात हयात होती.

३. पत्र आणि मालगाडी

साथ सुरू झाली तेव्हा सोळा वर्षांची आयडा आजीच्या शेतावर पाहुणी गेली होती. गावात ताप आल्याची वार्ता तिकडे पोहोचली; परंतु बाप सर्वांस घेऊन खेड्यात कोठेतरी निघून गेला असेल, असे घरच्यांनी धरून चालले. अशा काळी दूर असलेल्यांचे मन नेहमी बऱ्याचीच कल्पना करिते.

बाप कोठेही गेला नव्हता. डॉक्टरांकडून आयडाला पुढे कळले की, तो आजाऱ्यांची विचारपूस करी, मरणाऱ्यांजवळ प्रार्थना करी, व सुतार असल्यामुळे मृतांकरिता पेट्या करून देई. पत्नी आजारी पडली तेव्हा तिच्या शुश्रूषेकरिता तो घरी परतला, आणि स्वतःही अंथरुणास खिळला. सप्टेंबरच्या अखेरीस एका दिवसाच्या अंतराने दोघांनीही देह ठेविला. नऊ महिन्यांचा तान्हा स्टॅन्ली हाही त्याच साथीत गेला.

एके दिवशी आजीच्या फाटकाशी तीन घोडेस्वार आले. ते होली स्प्रिंग्सचे ओळखीचे लोक. सहज भेटीस आले असावेत असे समजून आयडाने त्यांचे स्वागत केले. तेव्हा त्यांनी तिच्या हाती पत्र दिले. त्यात तिच्या आईबापांच्या मरणाची बातमी होती, व मुले घरीच असून त्यांजजवळ एक बाई ठेविली आहे असे लिहिले होते.

ती तत्काळ निघावयास तयार झाली. नातलगांनी अडविले, स्टेशनगावच्या लोकांनीही समजाविले की, तेथे जाणे म्हणजे मरणाच्या तोंडी जाणे होय. दोनतीन दिवस असेच गेले. उतारूंच्या गाड्या बंद पडल्या होत्या. फक्त मालगाडी चालत होती. त्या गाडीच्या गार्डाच्या डब्यास काळे कापड लाविले होते, कारण त्या मार्गावरील दोन गार्ड तापाने मेले होते. नव्या गार्डाने तिला विचारिले, तू कशास जातेस? तिने उलट विचारिले, मग तुम्ही तरी ही गाडी का चालविता? तो म्हणाला, कोणीतरी चालविलीच पाहिजे. तेव्हा तिने उत्तर दिले की, माझेही तसेच आहे. सात भावंडांत मी थोरली, मजवाचून त्यांस पाहणारे कोणी नाही.

या गार्डाचे नाव आम्हास ठाऊक नाही. परंतु साथीच्या काळात जग ज्या माणसांमुळे चालते, त्यांपैकी तो एक होता, यात संशय नाही.

४. भावंडांची वाटणी

घरी पोहोचल्यावर आयडाला पाच भावंडे आढळली: युजिनिया, जेम्स, जॉर्ज, ॲनी व लिली. ॲनी पाच वर्षांची, लिली अवघी दोन वर्षांची. युजिनियाच्या पाठीचा कणा वाकल्यामुळे तिला चालता येत नव्हते.

जेम्स वेल्स हा मेसन नामक बंधुमंडळाचा सभासद होता. साथ ओसरल्यावर त्या मंडळाचे बांधव एके दिवशी त्याच्या घरी जमले व मुलांची व्यवस्था ठरवू लागले. वाचकांनी असे समजू नये की हे लोक कठोर होते. ते मृत बंधूच्या लेकरांचे भले करावयास आले होते. त्यांनी ठरविले ते असे: दोन धाकट्या मुली दोन सभासदांच्या घरी द्याव्या, दोघे मुलगे सुतारकाम शिकण्याकरिता दोघांजवळ ठेवावे, आयडा मोठी आहे, तिने आपले पोट आपण भरावे. पांगळ्या युजिनियास मात्र कोणीच घेईना. तिच्याकरिता दरिद्री लोकांचे सरकारी आश्रयगृह सुचविण्यात आले.

हे सर्व आयडा निमूटपणे ऐकत होती. तिचे मत कोणी विचारिले नव्हते. बोलणे संपल्यावर तिने सांगितले की, माझ्या भावंडांस असे विभागणे मला मान्य नाही; हे घर आमच्या बापाने आम्हांकरिता ठेविले आहे; मला काही काम मिळवून द्या म्हणजे मी सर्वांस सांभाळीन. पांगळी बहीण आश्रयगृहात गेल्याचे पाहून आईबापांस थडग्यातही चैन पडणार नाही, अशा अर्थाचे ती बोलली. आई बाजारात तोडली गेली होती. तिच्या लेकरांची वाटणी दयेने का होईना, तीच गोष्ट पुन्हा घडविणार होती. आरंभी बांधवांस तिचे बोलणे पोरकट वाटले. परंतु अखेरीस त्यांनी मान्य केले, व त्यांपैकी दोघे मुलांचे पालक नेमले गेले. बापाने मागे ठेविलेले सुमारे ३०० डॉलर एका डॉक्टराने तिजोरीत सुरक्षित ठेविले होते. ते मुलांच्या उपयोगी पडले.

येथे आणखी एक दुःखाची गोष्ट सांगणे भाग आहे. त्या पैशासंबंधाने आयडा त्या गोऱ्या डॉक्टराशी गावच्या चौकात बोलली, तेवढ्यावरून लोकांनी तिच्या शीलाविषयी वाईट बोल उठविले. पोरकी मुलगी भावंडांस घेऊन एकटी राहू म्हणते, त्या अर्थी तिचा हेतू वाईटच असला पाहिजे, असा त्यांचा तर्क. जिभेने केलेली ही जखम तिला तापाहून अधिक लागली, व ती तिने जन्मभर विसरली नाही. पुढे आजी येऊन घरात राहिली, तेव्हा ती तोंडे बंद झाली.

५. सहा मैलांवरची शाळा

मेसन बांधवांच्या सल्ल्यावरून आयडाने खेड्यातील शिक्षिकेच्या जागेकरिता परीक्षा दिली. वयाने मोठी दिसावी म्हणून तिने आपल्या झग्याची किनार उसवून तो लांब केला. परीक्षा उतरली, आणि गावापासून सहा मैलांवरच्या शाळेवर महिना २५ डॉलर पगारावर तिची नेमणूक झाली. आठवडाभर ती तेथे शिकवी. शुक्रवारी दुपारी खेचरावर बसून घरी येई; शनिवार व रविवार धुणे, इस्त्री व स्वयंपाक यांत जाई; रविवारी दुपारनंतर पुन्हा शाळेकडे. आजीस पुढे अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा आईच्या एका मैत्रिणीने आठवड्यात मुलांकडे पाहिले. काल परवा जी स्वतः बाकावर बसून धडा म्हणत होती, तिच्यावर हा भार पडला.

हे घर अखेरपर्यंत जसेच्या तसे टिकले असे आम्ही म्हणत नाही. काही वर्षांनी युजिनिया व दोघे भाऊ एका मावशीच्या शेतावर राहावयास गेले, आणि आयडा ॲनी व लिली यांस घेऊन मेम्फिसला आत्याकडे गेली. त्या आत्याचा नवराही याच साथीत मेला होता. अर्थात ही भावंडे कालांतराने निरनिराळ्या छपरांखाली राहिली. परंतु ती परक्यांत वाटली गेली नाहीत, आणि दुबळ्या बहिणीस निराधारांच्या दारी टाकण्यात आले नाही. एका गोष्टीत हार पत्करावी लागली म्हणून सर्वच सोडून देणे, आणि जेवढे राखता येईल तेवढे राखणे, यांत फार अंतर आहे.

ही आयडा पुढे आयडा बी. वेल्स या नावाने जगप्रसिद्ध झाली. सन १८९२ त मेम्फिस येथे तिचे तीन मित्र जमावाने ठार मारिले, तेव्हापासून अशा झुंडहत्यांविरुद्ध तिने लेखणी उचलली. तिच्या वर्तमानपत्राची कचेरी उद्ध्वस्त करण्यात आली, तरी ती गप्प बसली नाही. २५ मार्च १९३१ रोजी शिकागो येथे ती निवर्तली. तिचे आत्मचरित्र तिच्या मुलीने सन १९७० त प्रसिद्ध केले. वरील बहुतेक हकिकत त्यावरूनच जगास कळली. सन २०२० त तिला मरणोत्तर पुलित्झर सन्मान देण्यात आला.

६. रोग खरोखर कशाने पसरत होता?

त्या काळी लोकांची समजूत अशी की, हा ताप घाणेरड्या हवेने, रोग्याच्या कपड्यांनी व बिछान्याने पसरतो. म्हणून अंथरुणे जाळीत व टपालाच्या पत्रांस धुरी देत. या भीतीने पुष्कळ ठिकाणी सोयऱ्यांनी सोयऱ्यास सोडिले. परंतु काही केल्या साथ थांबत नसे. थंडी पडून हिम आले म्हणजे मात्र ती आपोआप थांबे. असे का, हे कोणास उमगत नव्हते.

सन १८८१ त क्यूबा बेटातील डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनी सांगितले की, हा रोग एका जातीचा डास पसरवितो. वीस वर्षे लोकांनी त्यांचा उपहास केला. सन १९०० त डॉक्टर वॉल्टर रीड व त्यांचे सहकारी यांनी हवानाजवळ प्रयोग केले. काही माणसे पीतज्वराच्या रोग्यांच्या घाणेरड्या कपड्यांत व बिछान्यांत लागोपाठ वीस रात्री निजली. एकही आजारी पडला नाही. उलट स्वच्छ खोलीत ज्यांस डास चावले ते आजारी पडले. या शोधात डॉक्टर जेसी लाझिअर यांनी २५ सप्टेंबर १९०० रोजी प्राण गमाविला. पुढच्याच वर्षी डासांचा बंदोबस्त केल्यावर हवाना शहरातून पीतज्वर नाहीसा झाला.

आता सर्व उलगडा होतो. डास रोग्यास पहिल्या काही दिवसांत चावला, व मग सुमारे बारा दिवस गेले, म्हणजे तो दुसऱ्यास रोग देऊ शकतो. हिमाने डास मरत, म्हणून साथ थांबे. मरणाऱ्या पत्नीचा हात धरल्याने जेम्स वेल्स यास ताप आला नव्हता; घरातील पाण्याच्या पिंपात वाढलेल्या डासाने तो आणिला होता. रोग्यास मच्छरदाणीत ठेवून शुश्रूषा केली असती तर बरीच घरे वाचली असती. ज्यास लोक भ्याले तो रोगी शत्रू नव्हता, आणि जो शत्रू होता त्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

सन १९३७ त मॅक्स थाइलर यांनी या रोगावर लस सिद्ध केली. तिच्याबद्दल त्यांस सन १९५१ त नोबेल पारितोषिक मिळाले. आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांत हा रोग अद्याप आहे. हिंदुस्थानात तो आलेला नाही. परंतु तो पसरविणारा डास आपल्याकडे विपुल आहे. डेंग्यूचा ताप पसरवितो तोच हा पांढऱ्या पट्ट्यांचा, दिवसा चावणारा डास. म्हणूनच त्या देशांतून येणाऱ्यांकडे आपले सरकार लस टोचल्याचा दाखला मागते.

७. बोध

पहिला बोध असा की, दयेबरोबर ज्ञानही पाहिजे. होली स्प्रिंग्सने आश्रय दिला हे चुकले नाही. डासांविषयी अज्ञान होते हे नडले. आपणांस ते ज्ञान आहे, सबब आपली जबाबदारी अधिक. आठवड्यातून एक दिवस रांजण, हौद व पिंपे रिकामी करून, घासून, कोरडी करावी. नारळाच्या करवंट्या व फुटकी मडकी अंगणात पडू देऊ नयेत. ताप आलेल्यास मच्छरदाणीत निजवावे.

दुसरा बोध असा की, पोरक्यांचे भले करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम पोरक्यांस विचारावे. मेसन बांधवांचा हेतू चांगला होता. परंतु त्यांनी मुलांची वाटणी भांड्यांच्या वाटणीसारखी केली. त्यांचा मोठेपणा असा की, मुलीचे ऐकल्यावर त्यांनी आपला बेत बदलला.

तिसरा बोध असा की, जो सर्वांत दुबळा त्याच्याकरिता जागा नसेल, तर ती व्यवस्था कितीही सोयीची असो, ती पुरी नव्हे. त्या सभेत चार मुलांस घरे मिळाली होती. पाचवीकरिता मिळाले नाही, तेव्हाच आयडाने तोंड उघडिले.

चौथा बोध जिभेविषयी आहे. संकटात सापडलेल्या मुलीस आपण भाकर देऊ शकलो नाही, तर निदान तिच्या नावास काळिमा तरी लावू नये.

विचाराकरिता प्रश्न

१. आपल्या गावी मागील साथीत कोणती घरे विस्कटली? त्यांतील मुले आज कोठे आहेत, हे मंडळीस ठाऊक आहे काय?

२. मेसन बांधवांच्या जागी आपण असतो तर युजिनियाविषयी काय सुचविले असते?

३. जेम्स वेल्स आजाऱ्यांस सोडून पळाला असता तर त्याची लेकरे कदाचित पोरकी झाली नसती. त्याने योग्य केले काय? दोन्ही बाजूंनी बोलून पाहावे.

४. आपल्या घरी पाणी साठविण्याची भांडी किती आहेत, व ती कोणत्या वारी कोरडी करण्यात येतील? उपदेशकांनी हा प्रश्न सभेत विचारून न थांबता, पुढील आठवड्यात घरोघरी जाऊन त्याचे उत्तर पाहावे.